मोसंबीच्या वासाचा वेल

साहेबांना नाक होतं, एवढी एकच गोष्ट मी त्यांच्या बाजूने बिनतक्रार कबूल करतो. त्या नाकाच्या मागे डोकं होतं की नाही, याबद्दल त्यांच्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षं घालवूनही मला खात्रीने काही सांगता येणार नाही.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत ते उत्पादनाचे मुख्य अधिकारी आणि मी त्यांचा फील्ड ऑफिसर. बियाण्याचं पोतं उघडलं की साहेब मूठभर बी तळहातावर घेत, त्यात नाक खुपसत, डोळे मिटत आणि "पास" किंवा "फेल" एवढंच म्हणत. तेच बी पुढे लॅबमध्ये ओल्या कागदात गुंडाळून उगवायला ठेवलं जाई आणि साहेबांनी फेल केलेलं बी बहुतेक वेळा तरारून उगवे. मग साहेब म्हणत, "कागदच खराब आसंल." लॅबमधल्या मुलींनी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं होतं. वाद माणसाशी घालता येतो, नाकाशी काय घालणार?

हे बियाण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. पण साहेब जीपच्या सीटचा वास घेत, नव्या माणसाच्या डब्याचा घेत, टेबलावर आलेल्या टपालाचा घेत. एकदा मी वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कागद नाकाशी धरला आणि परत माझ्या हातात ठेवला. "ह्यात दम न्हाई," म्हणाले. वडिलांबरोबर मग माझी बायको गेली. तो राग माझ्या मनात अजून आहे, आणि हे सगळं लिहिताना तो कुठे कुठे दिसला तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

आमचं काम सीड प्लॉटचं. म्हणजे शेत शेतकऱ्याचं, पीक कंपनीच्या बियाण्यासाठी. त्यात मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या ओळी वेगळ्या. मध्येच एखादं परक्या जातीचं झाड उगवलं तर ती भेसळ. ते फुलावर यायच्या आत उपटायचं, नाहीतर सगळं बी बिघडतं. इथवर साहेबांचं बरोबर होतं. पण भेसळ कोणती आणि चांगलं झाड कोणतं, हे ओळखायला डोळे लागतात, आणि साहेब तिथेही नाकच चालवत.

अंबडकडच्या एका कपाशीच्या प्लॉटमध्ये ते असेच शिरले आणि "भेसळ, भेसळ" करत झाडं उपटत सुटले. शेतकरी मागे मागे. "साहेब, माव्याची कीड पडलीय म्हून येगळं दिसून राह्यलं. झाड आपलंच हाय. उपटायच्या आधी इचारा तरी," तो म्हणाला.

साहेब न थांबता म्हणाले, "भेसळ इचारून येती का? मंग इचारून कशाला काढायची?"

मग उपटलेलं झाड उलटं धरून त्यांनी मूळ तपासलं. न विचारता उपटायचं हा पहिला, आणि हा त्यांचा दुसरा कायदा होता. मुळासकट निघालं पाहिजे, नाहीतर ते पुन्हा फुटतं. त्या दिवशी बांधावर पडलेली निम्मीअधिक झाडं चांगली होती, आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. साहेबांनी माझ्याकडे बघून दोनदा नाक ओढलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यांचं हे "इचारून कशाला काढायची" पुढे कंपनीत म्हणच होऊन बसलं. कुणाची बदली झाली की आम्ही तेच म्हणायचो.

तिसरा कायदा नराचा. गावोगावच्या मेळाव्यांत साहेबांचं एकच भाषण असे. "नर हाय म्हून बी हाय, बी हाय म्हून कंपनी हाय, आन् कंपनी हाय म्हून तुमची-आमची चूल हाय." समोर क्रॉसिंगच्या कामाला येणाऱ्या बाया बसलेल्या असत. दिवसभर उन्हात वाकून मादीच्या फुलांना नराची फुलं टेकवणाऱ्या त्या बाया तोंडाला पदर लावून हसत. साहेबांना ती दाद वाटे.

निवृत्त झाल्यावर साहेब बदनापूरच्या पुढे, रेल्वेच्या रुळापलीकडे, स्वतःच्या मळ्यात राहायला गेले. मळा म्हणायला साहेबांचा, पण तिथली मोसंबीची बाग त्यांच्या बायकोची, आमच्या वहिनींची. साहेब कंपनीच्या जीपमधून दुसऱ्यांची शेतं हुंगत फिरत होते, त्या सगळ्या वर्षांत वहिनींनी ती बाग एकटीने वाढवली होती. टंचाईत टँकरचं पाणी बादलीने झाडाझाडाला घातलं होतं. बाई कमी बोलत. झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभं राहायची त्यांची सवय होती. मी त्या वाटेने गेलो की हमखास आत वळायचो. साहेबांसाठी नाही, मोसंबीसाठी.

आता हॉपची गोष्ट. साहेबांची मुलगी पुण्याला असते. तिच्याकडे गेले असताना जावयाने त्यांना एका हॉटेलात नेलं. तिथे मागच्या काचेआड मोठमोठ्या पिंपांत बिअर तयार होते आणि पुढे टेबलावर येते. साहेब दारूला शिवत नाहीत. जावयाने ग्लास मागवला, साहेबांनी सवयीने त्यात नाक घातलं, आणि झालं.

"ह्यात मोसंबी हाय," ते म्हणाले.

वाढणाऱ्या पोऱ्याने सांगितलं, की यात फळ कुठलंच नाही, हा हॉपचा वास आहे. हॉप म्हणजे एक वेल. त्याला हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडासारखी फुलं येतात. बिअरला कडवटपणा आणि वास देतात ती ही फुलं. त्यातल्या काही जातींना चक्क फळांचा वास असतो, कुणाला आंब्याचा, कुणाला संत्र्या-मोसंबीच्या सालीचा. साहेबांनी जावयाचा ग्लास संपू दिला नाही. हुंगत बसले. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली तेव्हा म्हणाले, "मी पेत न्हाई, मी हुंगतो."

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की आपण मळ्यात मोसंबीच्या वासाचा हॉप काढायचा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोसंबीच्याच झाडाखाली बसलो होतो आणि माझ्या हातात सोललेली मोसंबी होती. मी ती साहेबांच्या नाकाशी धरली. "हा वास ना?" मी विचारलं. त्यांना विनोद कळला नाही. त्यांना तो कधीच कळत नसे. "त्यो फुकटचा वास हाय," म्हणाले, "आपल्याला वेलावरचा पाहिजे."

लोक हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात हे मी ऐकलं होतं. मोसंबी उपटून मोसंबीच्या वासाचा वेल लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. कारण दुसऱ्याच महिन्यात रस्त्याकडची अर्धी बाग जेसीबीने निघाली. वहिनी त्या दिवशी माहेरी लग्नाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा झाडं बांधावर आडवी पडली होती आणि साहेब टेप घेऊन खांबांची जागा मोजत होते. विहिरीकडच्या ओळी तेवढ्या राहिल्या.

फळाच्या वासाच्या चांगल्या जाती परदेशातल्या कंपन्यांच्या ताब्यात. साहेबांनी हिमाचलातल्या एका जुन्या ओळखीच्या बियाणेवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे साधा हॉप होता. साहेब म्हणाले, "साधा तर साधा. जात आपून क्रॉस करून काढू. फक्त नर बराबर पाठवा." फोनवरचा माणूस गोंधळला. तो म्हणाला, की नर कुणी मागत नाही, आमच्याकडे दिसला की उपटतात. फोन ठेवल्यावर साहेब मला म्हणाले, "डोंगरातली मानसं. त्यांना बियाण्यातलं काय कळतंय?"

मुळांचे तुकडे आले. द्राक्षासारखे उंच खांब रोवून तारा ओढल्या, आणि साहेबांनी कंपनीच्या शिस्तीत लागवड केली. दोन ओळी मादी, एक ओळ नर. हा वेल थंड मुलखातला. त्याला हिवाळ्यात मुळाशी गारठा लागतो आणि उन्हाळ्यात लांबच लांब दिवस. आपल्याकडे दोन्ही नाही. मग साहेबांनी जालन्याहून टेम्पोने बर्फाच्या लाद्या आणवल्या आणि वेलांच्या बुडाशी भुस्सा घालून पुरल्या. उन्हाळ्यात मांडवाला दिव्यांच्या माळा टांगल्या, की वेलाला वाटावं अजून दिवस मावळला नाही. वेलाला काय वाटलं ते माहीत नाही. गावाला वाटलं, साहेबांच्या घरी लग्न आहे. तिन्हीसांजेला दोन पाव्हणे तर आहेराची पाकिटं घेऊन आले होते. त्यांना बर्फ दाखवण्यात आला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण पाणी एकाच विहिरीचं होतं. ठिबकच्या नळ्या मोसंबीखालून निघाल्या आणि हॉपखाली गेल्या. ऐन उन्हाळ्यात विहिरीकडच्या झाडांची पानं वळायला लागली. फळं सुपारीएवढी असतानाच गळून पडत. वहिनी ती पदरात गोळा करत आणि घराच्या पायरीवर ओतून ठेवत, साहेबांना येता-जाता दिसतील अशी. साहेब त्यांच्यावरून पाय उचलून आत जात.

"भाऊ, तुमच्या साहेबांना येक इचारा," वहिनी मला म्हणाल्या. "त्या येलाला बर्फ, आन् माझ्या झाडाला घोटभर पानी न्हाई. ह्ये कुठलं शास्तर?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "मोसंबी सवयीची हाय. ती सोसती." हे वाक्य ते झाडांबद्दल बोलले की बायकोबद्दल, याचा मी नंतर बराच विचार केला. दोन्ही धरलं तरी माणसाची लायकी कळते.

दुसऱ्या वर्षी फुलं धरायला लागली. साहेबांनी लगेच क्रॉसिंगच्या बाया लावल्या. खरं तर हॉपचा नर वाऱ्यावर पराग सोडतो, त्याला माणसाच्या हाताची गरज नसते. पण हात लावल्याशिवाय क्रॉसिंग होतं हे साहेबांना मान्य नव्हतं. बाया शिडीवर चढून नराचे तुरे मादीच्या फुलांवर झटकत होत्या. कपाशीत मादीच्या फुलातला नराचा भाग आधी खुडून काढावा लागतो, त्याची सवय असलेली एक वयस्क बाई वरून म्हणाली, "साहेब, कपाशीवानी ह्यात आधी काढायचं काय? ह्याला तर काहीच न्हाई." सगळ्या बाया हसल्या. साहेब खालून म्हणाले, "तू फकत झटक."

बोंडं तयार झाली. त्यांत मोहरीपेक्षा थोडं मोठं बी टच्च भरलं होतं. साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. एक बोंड तळहातावर चोळलं, फुंकर मारून खवले उडवले आणि राहिलेलं बी दाखवलं. इतका आनंदी मी त्यांना कधी पाहिला नव्हता. "बघ, कसं बी धरलंय. येक फूल वाया न्हाई." मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बोंडांचा काढा केला. प्रेशर कुकरमध्ये, भरपूर शिट्ट्या घेऊन. तो मला प्यावा लागला. मला लहानपणी कडुनिंबाचा रस पाजला आहे, म्हणून सांगतो, कडुनिंबाला निदान कारण असतं. मोसंबीचा वास कुठेच नव्हता. साहेब म्हणाले, "तुझं नाक बसलंय."

शेवटी जावयाच्या ओळखीने संभाजीनगरहून एक मुलगी मळ्यात आली. ती तिथल्या एका हॉटेलात बिअर बनवते, त्याचंच शिक्षण घेतलेलं. साहेबांना मिशीवाला माणूस येईल असं वाटलं होतं. मुलगी स्कूटरवरून उतरली, तिने हेल्मेट काढलं, आणि साहेबांनी तिच्यामागे अजून कुणी आहे का ते बघितलं.

तिने मांडवाखालून एक चक्कर मारली, एक बोंड तोडलं, उभं फोडलं आणि वास घेतला. साहेब डोळे मिटून उभे होते. ही एक कसोटी नाकाची होती, आणि नाकात ते कुणाला हार जाणार नव्हते.

"काका, याला लसणाचा वास येतोय," मुलगी म्हणाली.

साहेबांनी डोळे उघडले.

"फार पिकू दिलंत. आणि यात बी आहे."

"आसणारच," साहेब म्हणाले, "बी धरलंय ना."

"हॉपमध्ये बी नको असतं. बी धरलं की वासाचा जोर जातो, बिअर बिघडते. म्हणून नुसती मादी लावतात. एक नर असला तरी सगळं शेत नासतं." तिने वर पाहिलं. "तुम्ही तर ओळीच लावल्यात."

मग मी तिला काढ्याचीही हकीकत सांगितली आणि शिट्ट्या ऐकून तिने हसू आवरलं. तिने समजावलं, की कडू करायचा तो हॉप उकळायचा, पण फळाच्या वासाचा उकळला तर वास वाफेबरोबर जातो. तो बिअर गार झाल्यावर घालायचा आणि तसाच मुरू द्यायचा. "कोथिंबीर कशी भाजी उतरवल्यावर टाकतो, तसं," ती म्हणाली. वहिनींनी तिला मोसंबीचा रस दिला, तो तिने मागून दुसऱ्यांदा घेतला. निघताना तिने एवढंच सांगितलं, "काका, हौस असेल तर ठेवा, पण आधी सगळे नर उपटून टाका."

ती गेली तसे साहेब नराच्या ओळीत जाऊन उभे राहिले. आता माणूस शहाणा होईल, अशी मला आशा वाटली. मी वास्तविक त्यांना पुरतं ओळखायचो, तरी वाटली. संध्याकाळी पायरीवर बसून ते बोलले ते असं. नर उपटायचा प्रश्नच नाही. नर म्हणजे वाणाचा बाप, बापाला भेसळ म्हणणारी कालची पोर. चूक झाली ती अंतराची. सीड प्लॉटमध्ये दोन वाण एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये मोकळं अंतर सोडतात, ते इथे सुटलं नाही. तेव्हा नर राहील इथेच, आणि मादी जाईल लांब, विहिरीकडे.

"विहिरीकडं मोसंबी हाय," वहिनी दारातून म्हणाल्या.

"ती काढावी लागंल," साहेब म्हणाले. "सकाळी जेसीबी सांगून येतो."

अख्ख्या जन्मात साहेबांनी दुसऱ्याच्या शहाणपणावर असाच तोडगा काढला होता. चूक कबूल करायची नसली की शेत आणखी मोठं करायचं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि कणीक मळायला घेतली.

सकाळी मी साहेबांना मोटारसायकलवर मागे बसवून बदनापूरला नेलं. का नेलं, असं कुणी विचारेल. मी नेलं नसतं तर त्यांनी फोन करून जेसीबी बोलावला असता. निदान वाटेत बोलता येईल असं मला वाटलं, आणि मी बोललो. जाताना बोललो, येताना बोललो, वहिनींनी बादलीने घातलेल्या पाण्याची आठवण दिली. साहेब मागून म्हणाले, "रस्त्यावर ध्यान दे."

आम्ही परतलो तेव्हा जेसीबी आमच्या मागेच होता. मळ्याच्या तोंडाशी मी गाडी थांबवली, कारण पुढचं दिसत होतं ते काही वेळ मला कळलंच नाही. मांडव रिकामा होता. खांब होते, तारा होत्या, दिव्यांच्या माळा लोंबत होत्या, आणि वेल एक नव्हता. क्रॉसिंगच्याच त्या बाया कंबर खोचून ओळींतून फिरत होत्या. बांधावर हिरवा ढीग पडला होता, नर-मादी सगळे एकत्र. वहिनी खुरपं हातात घेऊन मधोमध उभ्या होत्या, कोपरापर्यंत मातीने भरलेल्या.

साहेब गाडीवरून उतरले. "ह्ये काय केलं?"

"भेसळ होती बागंत," वहिनी म्हणाल्या. "काढली."

"मला इचारायचं तरी."

वहिनींनी खुरप्याची माती झटकली. "भेसळ इचारून येती का?" त्या म्हणाल्या.

एका बाईने तोंडाला पदर लावला, पण हसली नाही. मला मात्र हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. अंबडच्या त्या शेतकऱ्याने हे बघायला हवं होतं, असंच माझ्या मनात आलं. मला आनंद झाला होता, आणि साहेबांची कीव करायचं माझ्यावर काही बंधन नव्हतं.

साहेब ओळीत शिरले. ढिगातला एक वेल त्यांनी उचलला, उलटा धरला आणि मूळ पाहिलं. दुसरा पाहिला. मुळासकट निघाले होते. मग एका खांबाजवळ ते वाकले, बोटांनी माती उकरली आणि आत राहिलेला मुळाचा एक बोटभर तुकडा बाहेर काढला. हॉपला तेवढा पुरतो. तो खिशात टाकला असता तर कुणाला दिसलंही नसतं, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बर्फ आला असता. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. वहिनीही बघत होत्या.

तुकडा त्यांनी वहिनींपुढे धरला. "ह्यो राह्यला होता," म्हणाले. वहिनींनी तो घेतला आणि ढिगावर टाकला.

एवढ्यात जेसीबीवाला खाली उतरून आला. त्याला काय ठाऊक. मातीने भरलेल्या बाया, रिकामा मांडव आणि विहिरीकडची झाडं त्याने एकदा पाहून घेतली. "साहेब, कुठून सुरू करू?" त्याने विचारलं.

साहेबांनी सवयीने तोच हात वर नेला, मुळाच्या मातीने भरलेला. तो नाकापर्यंत गेला, तिथे थांबला आणि तसाच खाली आला.

"खांब काढ," साहेब म्हणाले.

सगळ्या जन्मात त्यांनी वास न घेता केलेली तेवढी एकच गोष्ट मी पाहिली, आणि तेवढी एकच बरोबर होती.